तिच्या वर्षाची पेटी

पेटीत पाणी आहे, असे फोनवरचा आवाज म्हणाला तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर दाढीचा फेस तसाच होता. आवाज आनूक कापदवील या बाईंचा. जुन्या वाइनची विक्रीपूर्वी तपासणी करून देणे हा त्यांचा व्यवसाय. वय पस्तिशीच्या आतले, आणि वाईट बातमी सांगताना डॉक्टरांच्या बोलण्यात येतो तसला एक निर्जंतुक हळुवारपणा. "मस्यू लाफुर्काद, बसलेले आहात ना तुम्ही? बाराही बाटल्या तुमच्याच आहेत. म्हणजे काच खरी, लेबलं खरी, साल खरं. पण आत पाणी आहे. मी एकीची चव घेऊन पाहिली. नळाचं." मग त्या घाईघाईने पुढे म्हणाल्या, "बुचं मूळची नाहीत. साधी, बाजारातली. आणि प्रत्येक बुचावर पेन्सिलीनं तारीख घातलीय. एकवीस सप्टेंबर, बाराही बुचांवर एकवीस सप्टेंबर. वर्षं तेवढी वेगळी, त्र्याण्णवपासून दोन हजार चारपर्यंत. चोर भलताच टापटिपीचा होता म्हणायचा! पेटीला बाहेरून ओरखडासुद्धा नाही. तुम्ही आजच्या आज तक्रार नोंदवा. जिनीव्हाच्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू?" "सांगा, की प्यायली गेली," मी म्हणालो. "कुणी प्यायली?" त्यांनी विचारले. मी फोन ठेवला. आरशातल्या माणसाचा अर्धा चेहरा पांढरा होता, अर्धा उघडा, आणि फेस वाळत वाळत कातडी ओढून घेत होता.

एकवीस सप्टेंबर ही तारीख आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. दिनदर्शिकेवर ती येते, वीस आणि बावीसच्या मध्ये निमूट उभी राहते, आणि जाते. त्या दिवशी, एकोणीसशे नव्वद साली, पहाटे पावणेपाचला आमची मुलगी सोलेन जन्मली. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो तेव्हा आकाश धुतल्यासारखे होते, आणि गिरोंद नदीच्या काठाने उत्तरेकडे पसरलेल्या मेडोकच्या साऱ्या मळ्यांत त्या आठवड्यात कात्र्या चालू होत्या. असे साल वीस वर्षांतून एकदा येते, असे जो तो म्हणत होता. मी वाइनचा दलाल. मळेवाले आणि व्यापारी यांच्यामध्ये उभा राहून दोघांचे शब्द एकमेकांपर्यंत पोचवायचे आणि शंभरातले दोन घ्यायचे, हे काम माझ्या आजोबांपासून आमच्याकडे चालत आलेले. मूल झाले की त्याच्या वर्षाची एक पेटी बाजूला ठेवायची, एकविसाव्या वाढदिवसाला पहिली बाटली उघडायची, ही रीत या शहरात न्हाव्याच्या घरीही पाळतात. दलालाच्या घरी तर ती बाप्तिस्म्याइतकीच पक्की. आणि आम्ही वाइन विकत घेतो ती न झालेली. तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन अजून ओकच्या पिंपात कच्ची, गढूळ, स्वतःचे नाव न कळलेली असते, तेव्हाच तिचा भाव ठरतो आणि सौदा होतो. बाटली हाती येते दोन वर्षांनी. मधल्या काळात आपल्यापाशी असतो एक कागद. आयुष्यभर मी लोकांना तो कागद विकला. पुढे येणाऱ्या गोष्टीवर आज विश्वास ठेवणे म्हणजेच गुंतवणूक, असे मी त्यांना सांगत असे, आणि सांगताना माझा आवाज जरा धार्मिक होत असे.

सोलेनची पेटी मी साँ-झुलियँच्या एका मळ्यातून घेतली. अठराशे पंचावन्न साली मळ्यांची जी दर्जावार यादी झाली तीत दुसऱ्या दर्जाचा. पण त्या वर्षी त्याने पहिल्या दर्जाच्या मळ्यांची झोप उडवली होती. एप्रिलच्या सुरुवातीला, हिमाने त्या वर्षीची सगळी कोवळी पालवी जाळून टाकली त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, मी माझ्या बायकोला, मायतेला, आणि सहा महिन्यांच्या सोलेनला घेऊन तिथे गेलो. तळघराचा मुख्य कास्तँ काचेच्या नळीने पिंपातली वाइन काढत होता. गडद जांभळी, जवळजवळ काळी. त्याने करंगळी बुडवली आणि मला काही कळायच्या आत पोरीच्या ओठांना लावली. मायते ओरडली, "अहो कास्तँ! दूधपिती पोर आहे!" "म्हणून तर," कास्तँ म्हणाला, "पुढं दलालाच्या घरात दूध कोण देणार तिला?" सोलेनचा चेहरा आधी लिंबू पिळल्यासारखा आक्रसला, मग तिने डोळे उघडले, विचार केला, आणि कास्तँची करंगळी दोन्ही हातांनी धरून हिरड्यांनी चावायला लागली. "बघा, बघा, दात नाहीत तर चावतेय! मस्यू लाफुर्काद, ही तुमच्या पोटावर पाय देणार. हिच्यापुढं कोण तुम्हाला चव विचारील?" आम्ही हसलो. त्या हसण्याला पिंपांच्या कमानीखाली एक ओलसर प्रतिध्वनी होता; अजूनही कधी कुठल्या थंड तळघरात शिरलो की आमचे ते तिघांचे हसणे पुढच्या वळणावर थांबले असावे असे वाटते.

नोव्हेंबर ब्याण्णवमध्ये सोलेनला दोन दिवसांचा ताप आला. पहिल्या रात्री ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी दुपारी शांत झाली, आणि ती शांत झाली म्हणून आम्हाला बरे वाटले. मायते म्हणाली, "झोपली." मी म्हणालो, "झोपू दे." या दोन वाक्यांहून जास्त त्याविषयी आम्ही कधी बोललो नाही, तेव्हा नाही, नंतर नाही. पुढच्या मार्चमध्ये, सकाळी, दारासमोर गाडी उभी राहिली. हातगाडीवर पेटी ठेवून आलेल्या माणसाने कागद पुढे केला आणि मी त्यावर सही केली: माल मिळाला, स्थिती उत्तम. पाइनच्या लाकडावर मळ्याचे चिन्ह आणि साल डागून उमटवलेले. एकोणीसशे नव्वद. लाकडाला राळेचा ताजा वास येत होता. मायते जिन्यात उभी होती. तिने पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि वर निघून गेली. मी पेटी तळघरात नेऊन तिसऱ्या कमानीखाली ठेवली, जिथे तापमान वर्षभर तेरा अंशांवर राहते, जिथे काहीही वाढत नाही आणि काहीही नासत नाही, अशी माझी समजूत होती.

त्याच वर्षी एकवीस सप्टेंबरला सकाळी, मी बूट घालत असताना, मायते दारात येऊन म्हणाली, "अर्मां, आज एक बाटली उघडू या का?" कुठली, ते तिने सांगितले नाही. मी नाडी बांधत होतो. मी मान वर केली नाही. मी म्हणालो, "अजून तयार नाही ती. निदान वीस वर्षं." हे खरे होते. त्या वाइनविषयी कुठल्याही दलालाने कुणालाही हेच सांगितले असते. ते अचूक, अनुभवी, निर्दोष उत्तर होते. ती म्हणाली, "बरं." आणि मी मेडोकला गेलो, कारण तोडणीचे दिवस होते, आणि तोडणीच्या दिवसांत दलालाने मळ्यांवर असावे लागते. त्यानंतर प्रत्येक एकवीस सप्टेंबरला मी मळ्यांवर असे. द्राक्षे आठवडाभर आधी उतरली असली तरी असे. कधी कुठे काहीच काम नसले तर गाडी नदीकाठी लावून, गढूळ पाण्यावर मच्छीमारांची चौकोनी जाळी वरखाली होताना पाहत बसे, आणि घरी फोन करून सांगे की शेवटच्या गाड्या यायच्या आहेत, जेवायला थांबू नकोस.

फेस आता पूर्ण वाळला होता. मी तो पुसला नाही. न्हाणीघरातल्या टबाच्या कडेवर बसून मी त्या बारा संध्याकाळी एकेक करून आठवू लागलो, आणि त्यांतली एक हाताला लागली. अठ्ठ्याण्णव असावे, किंवा नव्याण्णव. पावसामुळे त्या दिवशी मी लवकर परतलो होतो. स्वयंपाकघरात मायते टेबलाशी बसली होती, समोर काहीही नव्हते, आणि हवेत देवदाराचा आणि काळ्या मनुकांचा एक अत्यंत सुरेख, लांबलचक वास होता. मी तो ओळखला. म्हणजे जातीने ओळखला: साँ-झुलियँ, थोर साल, अजून तरुण. आणि मला वाटले, माझ्याच कोटाला येतोय. दिवसभर तळघरांतून हिंडणाऱ्या माणसाच्या कपड्यांना काय काय वास लागतात. मी कोट काढून बाहेरच्या खुंटीला लावला, हात धुतले, आणि तिला म्हणालो, "आज फार चांगलं काहीतरी चाखलेलं दिसतंय मी." ती म्हणाली, "हो का?" एवढेच. ज्या नाकावर तीन पिढ्या जेवल्या ते नाक घेऊन मी माझ्या मुलीच्या वासापासून चार पावलांवर उभा होतो, आणि त्याचे श्रेय माझ्या कोटाला देऊन मोकळा झालो.

लोकांना मी सांगायचो, पेटी उघडू नका. लिऑनचे दंतवैद्य, गेंटचे एक वकील, निवृत्त वैमानिक. सगळ्यांना एकच सांगणे. मूळ लाकडी पेटी, मूळ खिळे, मूळ शांतता. झाकण उचकटले की त्याच क्षणी किंमत उतरते. कारण उघडेपर्यंत ती मालमत्ता असते आणि उघडल्यावर नुसते एक जेवण. वैमानिक एकदा म्हणाला होता, "पण मग ती प्यायची कोणी हो?" "ज्याला ती शेवटी परवडेल त्यानं," मी म्हणालो होतो, आणि आम्ही दोघेही त्यावर शहाण्यासारखे हसलो होतो. ती पेटी दरवर्षी महाग होत गेली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, सोलेनचे नाव ज्यांनी कधी ऐकले नाही अशी माणसे तिच्या वर्षावर बोली लावत होती, आणि मला त्यात एक लाजिरवाणे, गुप्त सुख वाटे. शाळेतून मुलीची प्रगती कळावी तसे. दर जानेवारीत तळघर झाडताना मी पेटी उचलून बाजूला करी आणि परत ठेवी. दोन हजार अकरामध्ये, तिला एकवीस झाले असते त्या दिवशी, मी प्रथमच मेडोकला गेलो नाही. मायते बहिणीकडे गेली होती. मी तळघरात उतरलो, पेटीवर हात ठेवला, आणि अर्धा तास तसाच उभा राहून वर आलो. माझ्या तळहाताखाली तेव्हा सात वर्षांचे शिळे पाणी होते.

विकायचे मी या वर्षी ठरवले, कारण मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि आम्हाला दुसरे कुणी नाही. आम्ही गेल्यावर कुणीतरी पुतण्या तळघर रिकामे करील, ओट्यावर बाटल्या मांडून मित्रांना बोलावील, हे मला सहन होत नव्हते. उघडण्याची माझी छाती नव्हती, मागे ठेवण्याचीही नव्हती. गेल्या रविवारी मायते शेंगा सोलत होती तेव्हा मी तिला सांगितले, जिनीव्हाचे गिऱ्हाईक आहे, चांगला माणूस आहे. तिने विचारले, "सगळी पेटी?" मी म्हणालो, "सगळी. जशी आहे तशी, बंद." तिने दोन शेंगा सोलल्या. "ने," ती म्हणाली. मला तो थंडपणा लागला. मनात आले, हिने पुसून टाकले सगळे. मी एकटाच सव्वीस वर्षे राखण करत बसलो. एवढेच नव्हे, सोमवारी सकाळी पेटी वर आणताना तिने एका बाजूने हात दिला. जिन्याच्या वळणावर ती म्हणाली, "सावकाश, भिंतीला लागेल." आम्ही दोघांनी मिळून ती अशी उचलली होती, की कुणी लांबून पाहिले असते तर त्याला वेगळेच काही वाटले असते.

फोन आला त्या सकाळी अकराच्या सुमाराला मायते बाजारातून आली. ओल्या पानांचा आणि जंगलातल्या मातीचा वास आला. टोपलीत अळंबी होती, ऑक्टोबरातली, जाड देठांची. मी स्वयंपाकघरात बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हे काय? आज अर्धाच माणूस तयार झाला?" मग टेबलावर वर्तमानपत्र पसरले, सुरी घेतली आणि बसली. मी म्हणालो, "आनूक कापदवीलचा फोन आला होता." सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली. देठावरची माती ती पातळ पातळ खरवडत होती.

"उघडली का त्यांनी?"

"उघडली."

"चला. कुणीतरी उघडली म्हणायची."

वास्तविक मला दुसरेच काही विचारायचे होते. पण माणूस अशा वेळी हाताशी सापडेल ते विचारतो. "पाणी कशाला भरलंस?"

"रिकामी बाटली हलकी लागते. दर जानेवारीत उचलून बघायचास ना तू पेटी? मूल उचलून बघतात, वाढलंय का, तसा. हलकी लागली असती तर तुला कळलं असतं."

"मग?"

"मग बोलावं लागलं असतं."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली आणि कपाटातली भांडी किंचित वाजली. मी म्हणालो, "खिळे तर जागच्या जागी होते." "माझा बाप पिंपं बनवायचा, विसरलास?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात क्षणभर एक जुना ताठा आला. "लाकूड न दुखवता खिळा काढायचा तर आधी त्याला केसभर आत ठोकायचा. गंज तुटतो. मग तो आपणहून येतो. त्याच भोकात परत बसवायचा, थोडं मेण लावून. बारा वेळा काढले, बारा वेळा बसवले. तुमच्यातल्या एकालाही ओळखू आलं नसतं."

"मला का नाही हाक मारलीस, मायते?"

"मारली होती. तू बूट घालत होतास." तिने एक अळंबे उभे कापले, आत किडे नाहीत ना ते पाहिले. "त्याच संध्याकाळी खाली गेले मी. रागानं गेले. दुसऱ्या वर्षी राग नव्हता, दोन ग्लास मांडले. म्हटलं, येईल. तू फोन केलास, गाड्या यायच्यात. तिसऱ्या वर्षापासून मी फोनची वाट बघायला लागले. म्हणजे तू येत नाहीस हे नक्की झालं की उघडायला मोकळी."

मी म्हणालो, तोडणीचे दिवस असायचे. ती म्हणाली, "हो. वर्षातले बाकीचे दिवस तोडणीचे नसतात. पण त्यांतल्या कुठल्या दिवशी ती जन्मली नव्हती ना." हे तिने कडवटपणे म्हटले नाही, बाजारात भावाविषयी बोलावे तसे म्हटले. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की मला जे हवे आहे ते अजूनही या टेबलापलीकडे बसलेले आहे. ती वाइन मी चाखली एकदाच, पिंपातून, त्या एप्रिलमध्ये. त्यानंतर तिचे काय झाले, ती कशी वाढली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते. कागदोपत्री मला त्या वर्षाविषयी सर्व काही माहीत होते. इतरांनी लिहिलेले मी पाठ म्हणून दाखवू शकलो असतो. पण त्या बारा बाटल्या मायतेच्या होत्या. मी विचारले, "वाइन कशी होती?"

"मला तुमची भाषा येत नाही."

"तुझ्या भाषेत सांग."

ती सुरीकडे पाहतच सांगू लागली. "पहिल्या वर्षी चावली. दोन घोटांत हिरड्या कोरड्या झाल्या. मी आरशात बघितलं तर दात निळे, ओठ निळे, तीन वर्षांची पोरं तुती खाऊन येतात तसे. मी हसले, अर्मां. तो दिवस, आणि मी हसले. दुसऱ्या वर्षी बडबडी. ग्लासात ओतायचा अवकाश, सगळं सांगून टाकायची, घरातलं, दारातलं. तिसऱ्या वर्षी जरा शिस्त आली होती, खडूचा वास, शाळेत घातल्यासारखी. आणि चौथ्या वर्षी गप्प." तिचा हात थांबला. "काहीच नाही. ना वास, ना चव. ग्लासात नुसतं लाल. म्हटलं, हीच बाटली खराब असेल. पाचव्या वर्षी त्याहून गप्प. सहाव्या वर्षीही. मला वाटलं, मी मारली. खिळे उपसून, हवा लागू देऊन, हलवून हलवून. शांत झाली आणि मला वाटत राहिलं, ठीक आहे, झोपलीय... तळघराच्या पायरीवर बसले होते मी, हातात तो ग्लास घेऊन. म्हटलं, हीही गेली माझ्याच हातून."

"त्या वयात त्या मिटतात," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला. "जितकी थोर, तितकी घट्ट मिटते. तीन वर्षं, चार वर्षं. आजार नसतो तो. काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं."

तिने मान वर केली. "हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच असतं. धंद्यातल्या कुठल्याही कारकुनाला असतं."

"मला नव्हतं. तीन वर्षं मला नव्हतं, आणि तू वर झोपलेला असायचास."

आमच्यामध्ये वर्तमानपत्र होते, त्यावर मातीची लहानशी रास. मला हात पुढे करायचा होता. तो मी केला असता, तर पुढचे सगळे वेगळे झाले असते की काय, हा प्रश्न मी आता रोज सकाळी स्वतःला विचारतो. पण ती पुढे सांगू लागली होती, आणि तिच्या आवाजातला ताण सैल पडत होता, खालून काहीतरी उजळत यावे तसा. आणि मी सगळे सोडून ऐकू लागलो, धंद्यात ऐकतो तसा, एक शब्द सांडू न देता. "सातव्या वर्षी भीत भीत उघडली. ओतली. काही नाही. ग्लास तसाच ठेवला, बटाटे सोलले, परत आले तर होती. वास आला. शिसपेन्सिलीला टोक करताना येतो ना, तसा. दप्तर, रबर, पावसात भिजलेला कोट. मी तिथंच बसून रडले, पण ते निराळं रडणं. त्याच वर्षी तू लवकर आलास. ग्लास मी फडताळात लपवला. दार उघडून तू वास घेतलास, आणि मला वाटलं, आता. आता ओळखील." तिने पुढचे अळंबे उचलले. "आठव्या वर्षी उद्धट. उंच झालेली. उलट उत्तर देणारी. घशाखाली उतरली तरी वळून बघायची. आणि नवव्या वर्षी... काय सांगू. सुंदर होती. अकरा वर्षांच्या पोरी एका उन्हाळ्यात होतात तशी. तोवर मला ती माझ्यासारखी वाटायची, हट्टी, जरा खरबरीत. त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्यासारखी वाटली. शेवटी शेवटी तो एक हळवेपणा येतो ना तुझ्यात, कुणाचं लक्ष नसलं की..."

ती थांबली. मला वाटले, शब्द शोधते आहे. मी वाट पाहिली. मग दिसले की ती माझ्या हाताकडे पाहते आहे.

दलालाच्या आतल्या खिशात एक छोटी वही असते. ती मी केव्हा काढली, पेन केव्हा उघडले, मला खरोखरच माहीत नाही. चाळीस वर्षांची सवय. कुणी चवीविषयी बोलू लागले की हात आपला चालू होतो. पानावर एकाखाली एक सहा ओळी होत्या, आमच्या आखूड लिपीत. तुती. खडू. मिटलेली, ९६ ते ९८. देवदार, शिसे. उंच बांधा. लांब शेवट, मृदू. आणि शेवटच्या ओळीच्या उजव्या अंगाला, समासात, मी तळहात ठेवला.

"बघू," मायते म्हणाली.

"काही नाही."

"बघू दे, अर्मां."

मी हात काढला. दलालाची बायको, आकडे तिला उलटे धरूनही वाचता येतात. वीसपैकी साडेअठरा गुण. तिने ते वाचले, आणि तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही; राग आला असता तर मी त्याला धरून राहिलो असतो. "चांगले दिलेस," ती म्हणाली. "दीड कशाचे कापलेस?"

मग ती उठली. हात धुतले, तव्यावर तेल घातले, लसूण ठेचला. अळंब्यांचा वास घरभर पसरला. मी पान फाडले, त्याचे तुकडे केले, ते कुठे टाकावेत हे न कळून खिशात घातले. "पुढे सांग ना," मी म्हणालो. "जेव," ती म्हणाली, "गार होतील." आम्ही जेवलो. तिने मला पाव कापून दिला. ती माझ्यावर रुसलेली नाही. तेव्हाही नव्हती, आताही नाही. पेटी परत आली ती मी मागच्या अंगणात ठेवली आहे, जिनीव्हाच्या माणसाची माफी मागितली आहे, तक्रार नोंदवली नाही. सर्व संतांच्या सणाला सोलेनच्या कबरीवर फुले ठेवून परतताना मी तिला पुन्हा विचारले. नाताळात विचारले. अगदी सहज विचारल्यासारखे, दुसरेच काहीतरी बोलता बोलता विचारले. ती माझ्या कोटाची कॉलर नीट करते आणि म्हणते, "आठवत नाही रे आता." पण तिला आठवते. कधी कधी खिडकीशी बसल्या बसल्या तिचे ओठ किंचित हलतात, जिभेवर काहीतरी फिरवल्यासारखे, आणि मी दारातच थांबतो, आणि पाऊल न वाजवता मागे फिरतो. अकराव्या वर्षापर्यंत मला माझी मुलगी माहीत आहे. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या वर्षी ती कशी होती, हे मला माहीत नाही.